प्रकरण अठरावे : पिराजीच्या नावची साखर

अण्णाप्पांच्या हृदयाच्या शिरेत जानेवारीत घातलेली जाळी ऑक्टोबरात तुंबली म्हटल्यावर वीरेशकाकांनी सगळ्यात आधी जाळी निवडली कुणी, याचा तपास काढला. थोरला भाऊ आत छातीला वायरी लावून पडलेला आणि हे व्हरांड्यात पुतण्याला उभं करून विचारत होते की औषध लावलेली जाळी मिळत असताना साधी घ्यायला सांगितली कुणी? डॉक्टरांनी दोन्ही दाखवल्या होत्या की नव्हत्या?

सोमेश मान खाली घालून उभा होता. साधी जाळी अप्पांनी, म्हणजे वडिलांनी स्वतःच मागितली होती, हे त्याला सांगता आलं असतं. तेव्हा सगळे समोरच होते. 'धातू चांगला असला की झालं, त्याला वरनं रंग कशाला फासताय?' असं अण्णाप्पांनी डॉक्टरांना ऐकवलं होतं आणि वीरेशकाकाच सगळ्यात मोठ्यानं हसले होते. पण बापाला दोष द्यायचा नाही, हे सोमेशचं लहानपणापासूनचं व्रत होतं. त्यामुळे घरातली निम्मी भांडणं तो न भांडताच हरत आला होता. नवऱ्याच्या या स्वभावापायी विद्याश्रीचा ऊर कधी कौतुकानं तर कधी रागानं भरून यायचा. आज राग आला.

"काका, मामंजींनीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"तू मधी बोलू नगंस," सासूबाई म्हणाल्या.

चन्नम्मा बाकावर बसल्या होत्या, कपाळावर सकाळचं भस्म तसंच. वीरेश धंद्यात आल्यापासूनच्या एकवीस वर्षांत त्यांनी या दिरासाठी चांगला शब्द खर्च केला नव्हता. वीरेश विक्री बघतो म्हणून गावभर मोटार फिरवतो आणि माझा माणूस भट्टीपाशी भाजतो, हे त्यांचं पालुपद सुनेला पाठ होतं. पण काल संध्याकाळी छातीत कळ आली तेव्हा अण्णाप्पा शिरोलीतल्या ओतकामाच्या कारखान्यात होते, आणि वीरेशनंच त्यांना आपल्या गाडीत घालून इथं आणलं होतं. तेवढ्यानं पारडं फिरलं. आता वीरेश बोलला की चन्नम्मा मान हलवत होत्या आणि मुलाकडे बघत नव्हत्या.

वीरेशकाकांचं म्हणणं सरळ होतं. दादांना इथून हलवायचं, पुण्याला न्यायचं आणि या हॉस्पिटलावर तक्रार करायची. आणि दादा बरे झाले की त्यांनी कळंब्याला घरी बसायचं. भट्टीचं मी बघतो. हे शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दुपारी तीनला डॉक्टर इनामदारांनी चौघांना खोलीत बोलावलं. माणूस वयानं तरुण, बोलणं तुटक. त्यांनी टीव्हीच्या पडद्यावर चित्र लावलं. काळ्या-करड्या धुरात शिरा हलत होत्या.

"ही जाळी," ते म्हणाले. "जागच्या जागी आहे. चेपलेली नाही, सरकलेली नाही. जाळीत काही खोट नाही."

"मग तुंबली कशी?" वीरेशकाकांनी विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जाळी बसवताना शिरेच्या आतल्या अस्तराला थोडी इजा होतेच. ती भरून येताना अस्तर वाढतं आणि जाळीच्या भोकांतून आत येतं. सगळ्यांचंच थोडं येतं. पण ज्याची साखर वाढलेली असते त्याचं जास्त येतं, लवकर येतं, आणि बघता बघता जाळीच्या आतच पुन्हा वाट अरुंद होते. औषध लावलेल्या जाळीत हे कमी होतं, पण साखर मोकाट असेल तर तिथंही धोका राहतोच. शिवाय साखर एका जागी थांबत नाही. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. या बाजूच्या दोन शिरा जानेवारीत बऱ्या होत्या. आता त्या लांबच्या लांब बारीक झाल्या होत्या.

"धातूचा रस ओतायच्या लेडलच्या तोंडाला कीट बसतं तसं," सोमेश बायकोला हळूच म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला. "लेडल चांगलीच असते."

डॉक्टरांनी ते ऐकलं असावं. त्यांनी मान डोलावली आणि समोरची फाइल उघडली. ती फाइल विद्याश्रीनंच लावलेली होती, तारीखवार, एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

"मला एक कळत नाही," ते म्हणाले. "जाळी घातल्यापासून तुम्ही दर तीन महिन्यांनी तपासणी केलीय. ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी असते, आदल्या दिवशी उपास करून फसवता येत नाही. मार्चला पाच पूर्णांक सात. जूनला पाच पूर्णांक आठ. सप्टेंबरला परत पाच पूर्णांक सात. साखर नसलेल्या माणसाचे येतात असे आकडे. म्हणून तर जूनमध्ये मी त्यांच्या गोळ्या निम्म्या केल्या. आणि काल आले तेव्हा साखर दोनशे शहाऐंशी."

"घाबरल्यानं वाढली असंल," चन्नम्मा म्हणाल्या.

"वाढते. दुखण्यानं, भीतीनं वाढते. म्हणून मी त्या एका आकड्यावर जात नाही. ती तीन महिन्यांची तपासणी नव्यानं बाहेरच्या लॅबला पाठवलीय, पण रिपोर्ट परवा येणार. छातीत दुखणं थांबत नाहीये, मला तितकं थांबायचं नाही." त्यांनी फाइल मिटली. "साखर खरोखर ताब्यात असेल तर उद्या सकाळी मी औषध लावलेल्या जाळ्या घालतो. तीन लागतील. पण साखर जानेवारीपासून मोकाट असेल तर मी जाळी घालणार नाही. तीन शिरा आणि असली साखर असली की बायपास बरी, छाती उघडावी लागली तरी. नाहीतर सहा महिन्यांनी आपण परत इथंच बसू, किंवा बसायची वेळही मिळणार नाही. हे रिपोर्ट बरोबर आहेत ना?"

वीरेशकाकांना ते लागलं. आमच्या घरात खोटेपणा चालत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सुनावलं. मोठा भाऊ साचे भरणारा साधा मोल्डर म्हणून शिरोलीला आला आणि स्वतःच्या दोन शेड उभ्या केल्या, ते काय लबाडीवर? डॉक्टरांनी हात जोडले आणि पाचला निर्णय सांगा म्हणाले.

विद्याश्री फाइल घेऊन जिन्याजवळच्या बाकावर बसली. चौदा मार्च. तेरा जून. बारा सप्टेंबर. या तारखा तिला दुसरीकडूनच पाठ होत्या. त्या दिवशी कारखान्यात कामगारांची तपासणी होती.

कारखान्याचं ऑफिस ती सांभाळायची, ती व्यवस्थाही तिचीच. दोन वर्षांपूर्वी एका ओतणाऱ्याला लेडल हातात असताना चक्कर आली होती. साखर कमी-जास्त झाली म्हणाले. रस वाळूत सांडला म्हणून निभावलं. त्यानंतर तिनं नियम केला की दर तीन महिन्यांनी सगळ्यांची तपासणी आणि तीन महिन्यांची साखर आठच्या वर गेली तर तो माणूस लेडलला हात लावणार नाही, मग तो कुणी का असेना. 'कुणी का असेना' हे शब्द अण्णाप्पांनी स्वतः घालायला लावले होते आणि झोकात सही केली होती. मग जानेवारीत जाळी पडली. मामंजी लॅबमध्ये जायला तयार होईनात, मी काय रोगी हाय व्हय म्हणत. तेव्हा तिनंच तोड काढली. कंपाउंडर कारखान्यात येतोच आहे, तिथंच तुमचंही रक्त देऊन टाका. अण्णाप्पा लगेच कबूल झाले होते. इतक्या लगेच, की तेव्हाच तिला नवल वाटायला हवं होतं.

आणि त्याच मार्चच्या तपासणीत पिराजीची साखर दहा पूर्णांक चार निघाली होती.

पिराजी म्हणजे मामंजींचा जुना जोडीदार. एकाच उस्तादाकडे दोघं साच्याची वाळू चाळायला लागले, एकाच वर्षी ओतायला लागले. पुढे एक मालक झाला आणि एक कामगारच राहिला, पण लेडलच्या दांड्याचं एक टोक याच्या हातात नि दुसरं त्याच्या हातात, हे सत्तावीस वर्षं बदललं नव्हतं. ओतकाम झालं की धूळ घशाखाली जावी म्हणून सगळ्यांना गुळाचा खडा मिळायचा. पिराजीला गूळ आवडायचा नाही. तो आपला खडा मुकाट्यानं अण्णाप्पांच्या हातावर ठेवायचा. हे सगळा कारखाना बघत होता.

तसल्या माणसाची साखर जूनला दहा पूर्णांक नऊ, सप्टेंबरला अकरा पूर्णांक दोन. कंपनीच्या गोळ्या चालू असूनही चढतच गेली. विद्याश्रीनं त्याला मार्चमध्येच केबिनमध्ये बोलावून कागद दिला होता. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, आणि किती दिवस, एवढंच विचारलं. साखर उतरेपर्यंत, ती म्हणाली होती. तेव्हापासून तो पुन्हा वाळू चाळत होता, अठराव्या वर्षी चाळत होता तशीच.

तिनं दोघांचे आकडे मनात शेजारी शेजारी ठेवले, फाइल मिटली आणि जिना उतरली.

पिराजी खाली गेटपाशीच होता. पहिली पाळी सुटल्यावर शिरोलीहून बसनं आला होता आणि वर यायचं धाडस होत नव्हतं. अंगावर खाकीच होती, केसांत वाळू. तिला बघून त्यानं टोपी काढली.

"मालक कसं हाईत, वैनी?"

"पिराजीमामा, तुमच्या गोळ्या तुम्ही घेता?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग रस्त्याकडे बघायला लागला.

"मालकास्नी इचारा," तो म्हणाला.

"त्यांना विचारायला वेळ नाही. पाच वाजता डॉक्टर ठरवणार आहेत. चुकीचं ठरलं तर त्यांच्या जिवावर बेतेल. गोळ्या कोण घेतं?"

पिराजीनं टोपी परत डोक्यावर घातली. मग जे सांगितलं ते सांगताना तो कुणाचीच कड घेत नव्हता, जसं घडलं तसं सांगत होता. मार्चमध्ये कंपाउंडर नवा होता. भट्टी नुकतीच उतरलेली, सगळे खाकीत, सगळे काळे. त्यानं कागद बघून विचारलं, अण्णाप्पा कोण? तेव्हा मालकांनी पिराजीच्या बरगडीत ढुसणी मारली, आणि पिराजीनं हात पुढं केला. मग पिराजी कोण म्हटल्यावर मालक पुढं झाले. पोरं हसली. पिराजीलाही गंमतच वाटली.

"मग हसणं थांबलं कधी?" तिनं विचारलं.

"तुम्ही कागद दिला तवा," पिराजी म्हणाला.

त्या संध्याकाळी मालक त्याच्याकडे आले होते. म्हणाले, पिराज्या, तीन म्हयनं कळ काढ, मी साखर उतरवतो, मग सगळं जागच्या जागी. जूनला परत तेच म्हणाले. पिराजीला मिळणाऱ्या गोळ्या तो दर सोमवारी मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. मालक कधी घ्यायचे, कधी ड्रॉवरमध्ये टाकायचे.

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"मी बोललो आस्तो तर त्यास्नी भट्टीवरनं उठावं लागलं आस्तं, वैनी. धाकलं मालक टपूनच बसल्यात." मग तो जरा थांबला. "पर वाळू चाळताना वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू."

विद्याश्रीला त्याची क्षमा मागायची होती. त्याऐवजी तिनं त्याला रिक्षात घातलं आणि कारखान्यातून त्याची स्वतःची फाइल घेऊन यायला पाठवलं. कपाटाची किल्ली तिनं कमरेची काढून दिली.

आत अण्णाप्पा डोळे मिटून पडले होते. तिची चाहूल लागताच उघडले. एवढा दांडगा माणूस, पण चादरीखाली निम्माच वाटत होता.

"काय म्हन्तोय तुझा डॉक्टर?"

"तुमची साखर ताब्यात असेल तर जाळी. नसेल तर छाती उघडायची."

"ताब्यात हाय की. रिपोर्ट हाईत."

"पिराजीमामा खाली भेटले," ती म्हणाली.

अण्णाप्पांनी पुन्हा डोळे मिटले. मशीनवर हिरवी रेघ चालत होती, ती जरा भराभर चालायला लागली. विद्याश्री घाबरली, पण मागे सरली नाही.

"त्यानं तक्रार केली?"

"नाही. तेच तर."

मग अण्णाप्पा बोलले. चिडून नाही, कारखान्यातला हिशोब द्यावा तसे. जाळी पडल्यापासून सगळे त्यांच्याकडे एका नजरेनं बघत होते. चन्नम्मा ताटातला भात उचलून घ्यायची. वीरेश विजेच्या भट्टीची कागदं दाखवायचा आणि दादा आता आराम करा म्हणायचा. त्यात तिचा तो नियम. एकदा लेडल सुटली की वीरेश भट्टी घेईल, आणि सोमेशला त्यात उभं राहायला जागा ठेवणार नाही. सोमेश त्याच्यापुढं टिकायचा नाही, हे तुला ठाऊक हाय, मला बी ठाऊक हाय. काही महिने कसे तरी काढायचे, तोवर साखर उतरवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. साखर उतरली नाही. गूळ सुटला नाही.

"तुझ्या नवऱ्यासाठीच केलं," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. वीरेशकाकांच्या हातात भट्टी गेली तर काय होईल, याच्या हिशोबात तिनंही कितीतरी दुपारी घालवल्या होत्या. ती आता गप्प बसली तर उद्या जाळ्या पडतील, मामंजी आठ दिवसांत घरी येतील, दसऱ्याला लेडल उचलतील, आणि सोमेशची जागा निदान काही महिने तरी राहील. काही महिनेच. डॉक्टरांनी ते पडद्यावर दाखवलं होतं.

"पाचला मी डॉक्टरांना सांगणार आहे," ती म्हणाली. "पण घरच्यांना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."

"वीरेशसमोर?"

"सगळ्यांसमोर. नाहीतर ते म्हणतील, सुनेनं कुभांड रचलं."

अण्णाप्पांनी मान भिंतीकडे वळवली. ती तशीच उभी राहिली. बाहेर चन्नम्मा कुणाला तरी सांगत होत्या की मी हितंच बसतो, घरला जायचा न्हाय.

पाचला सगळे खाटेभोवती जमले. नर्सनं दोनदा गर्दी करू नका म्हणून बघितलं. डॉक्टर आले. वीरेशकाकांनी पुण्याच्या दवाखान्याचा पत्ता असलेला कागद खिशातून बाहेर काढला होता. अण्णाप्पांनी हात वर केला.

"ते रिपोर्ट माझं न्हवंत," ते म्हणाले. "पिराजीचं हाईत. आणि पिराजीचं म्हणून जे हाईत, ते माझं."

कुणालाच ते लगेच कळलं नाही. डॉक्टरांना आधी कळलं. त्यांनी कपाळावरून हात फिरवला. मग चन्नम्मांना कळलं, आणि त्या नवऱ्याला नाही, स्वतःलाच म्हणाव्यात तशा म्हणाल्या की मी रोज ताटातला भात मोजला, आणि गूळ मोजायला तिथं कोण होतं? त्यांनी सोमेशकडे बघितलं, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि पदर तोंडाला लावला.

वीरेशकाकांनी पुण्याचा कागद घडी घालून परत खिशात ठेवला. ते एवढंच म्हणाले, "दादा, मला सांगायचंस की."

"तुला कसं सांगू?" अण्णाप्पा म्हणाले. "तुझ्यापास्नंच लपवलंतं."

त्यावर वीरेशकाका खिडकीकडे गेले आणि तिथंच पाठमोरे उभे राहिले. त्यांना दुःख झालं होतं हे विद्याश्रीला दिसलं, आणि ते खरं होतं म्हणून तिला त्यांचा राग करता येईना.

पिराजी फाइल घेऊन आला तेव्हा डॉक्टर दारातच होते. आपली चप्पल त्यानं बाहेर काढली होती. डॉक्टरांनी उभ्या उभ्या तीन कागद चाळले, दहा पूर्णांक चार, दहा पूर्णांक नऊ, अकरा पूर्णांक दोन, आणि म्हणाले, जाळी नाही. सर्जनना आत्ता फोन करतो. आज रात्रीपासून इन्शुलिन चालू. पण हे कागद असे चालणार नाहीत, त्यावर नाव भलत्याच माणसाचं आहे. पेशंटनं स्वतः दुरुस्त करून सही केली पाहिजे, म्हणजे सर्जन ते बघतील.

ते गेल्यावर विद्याश्रीनं पर्समधून पेन काढलं. पहिल्या कागदावर पिराजीचं नाव खोडून वर मामंजींचं नाव लिहिलं, आणि कागद फाइलवर ठेवून त्यांच्यापुढं धरला. सुई टोचलेल्या हातानं त्यांनी सही केली. दुसरा. तिसरा. पिराजी दाराजवळ उभा राहून बघत होता. सोमेशनं त्याला स्टूल दिलं तरी तो बसला नाही.

फाइलीत चौथा कागद होता, मार्चमध्ये पिराजीला दिलेल्या कागदाची प्रत. तो डॉक्टरांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून विद्याश्री तो मागे सरकवायला गेली. पण अण्णाप्पांनी हात पुढं केला. तिला द्यावाच लागला. तिच्याच अक्षरातला, खाली तिचीच सही. मार्चपासून तो त्यांनी कधी वाचला नव्हता. आता बोट ठेवून, पुटपुटत वाचला. 'साखरेच्या आजारामुळे वितळलेल्या धातूजवळ काम देऊ नये. लेडलला हात लावू नये.' वाचून झाल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं.

"दसऱ्याला पयली लेडल तूच उचल, पिराज्या," ते म्हणाले. "दुसऱ्या टोकाला सोमेशला घे. हात भाजतील पयल्यांदा. भाजू देत."

वीरेशकाका खिडकीकडून वळले. सोमेशनं काकांकडे बघितलं आणि या वेळी मान खाली घातली नाही.

पिराजीनं मान हलवली. डोळे पुसायला त्यानं टोपीच घेतली, आणि तोंडावर वाळूची एक काळी रेघ उमटली.

विद्याश्री कागद परत घ्यायला वाकली. अण्णाप्पांनी तो सोडला नाही.

"ह्याच्यावरचं बी नाव खोड," ते म्हणाले. "आणि माझं घाल."

तिनं पेन उघडलं.